पाहुणचाराचे मोल

पाहुणचार विकता येतो काय, असा प्रश्न आपल्या आजोबांस कोणी विचारला असता तर त्यांनी उत्तर देण्याऐवजी विचारणाऱ्याच्या शहाणपणाविषयी शंका घेतली असती. आज हाच प्रश्न शासनाच्या धोरणपत्रांत, जिल्ह्यांच्या विकास आराखड्यांत आणि वकिलाच्या मेजावरील मसुद्यांत येऊन बसला आहे. शहरातील माणसाने डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरी दोन दिवस राहावे, त्याच्या चुलीवरचे जेवावे, त्याचे शेत पाहावे व त्याचा मोबदला द्यावा, या व्यवहारास कृषिपर्यटन असे नाव पडले आहे. महाराष्ट्रात बारामतीच्या परिसरात २००५ च्या सुमारास या उद्योगाने आकार घेतला आणि २०२० साली राज्य शासनाने त्यासाठी स्वतंत्र धोरणही जाहीर केले. उद्योग म्हणून त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. नीतीचा प्रश्न म्हणून त्याकडे कोणी पाहिल्याचे आमच्या वाचनात फारसे आले नाही. तो विचार येथे करावयाचा आहे.

आम्ही हे लिहितो ते सुरतेच्या पांडेसऱ्यातून. ज्या वाचकांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी इतके सांगितले पाहिजे की, येथे कापड रंगवण्याचे व छापण्याचे कारखाने दाटीने उभे आहेत, बाष्पकांची धुराडी आहेत, बारा-बारा तासांच्या पाळ्या आहेत, आणि त्या पाळ्यांवर जाणाऱ्यांत जळगाव, धुळे व नंदुरबारकडून ताप्तीच्या रेल्वेने आलेली मराठी माणसे फार मोठ्या संख्येने आहेत. पांडेसरा, उधना, लिंबायत, डिंडोली या पट्ट्यात सायंकाळी फिरताना अहिराणी कानावर पडली नाही असे होत नाही. हे लोक मुळचे शेतकरी. कुणाची दोन एकर कोरडवाहू होती, कुणाचे शेत वाटण्या होता होता बांधापुरते उरले, कुणाची विहीर आटली. आज त्यांपैकी ज्यांना बरे दिवस आले आहेत ते आषाढ-श्रावणात सुटी मिळताच मुलाबाळांसह गाडी करून निघतात आणि वघई, आहवा, सापुतारा या वाटेने डांगाच्या डोंगरात शिरतात. गिरा धबधब्यापाशी उभे राहून भाजलेले मक्याचे कणीस खाणारा हा पर्यटक रिकामटेकडा विलासी मनुष्य नव्हे. ज्या मातीतून तो उखडला गेला तिच्यासारखे काहीतरी त्याला तासभर पाहावयाचे असते. त्याच्या या ओढीची थट्टा करणे आम्हांस जमणार नाही.

परंतु ज्या डोंगरात तो जातो तो कोणाचा आहे? २०११ च्या जनगणनेप्रमाणे डांग जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २ लाख २८ हजार होती आणि तीत शेकडा ९४ हून अधिक लोक आदिवासी होते: कोकणा, भिल्ल, वारली, कोटवाळिया. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची दोन राज्ये झाली तेव्हा हा मुलूख गुजरातकडे गेला; तत्पूर्वी तो मराठीचा की गुजरातीचा यावर मोठा वाद झाला होता. वाद घालणारे दोन्ही पक्ष बहुतांशी सपाटीवरचे होते, हे आज लक्षात घेण्यासारखे आहे. डांगी बोली दोन्ही भाषांच्या वादापूर्वी तेथे होती आणि वाद मिटल्यावरही तेथेच आहे. आपले पूर्वज कोकणातून आले अशी कोकणा समाजात परंपरा आहे, त्यांचे नावही तेच सांगते. तेव्हा कोकणीच्या वाचकालाही हा डोंगर अगदीच परका वाटू नये. नागली, वरई, भात, उडीद, खुरासणी ही तेथील पिके. २०२१ च्या नोव्हेंबरात गुजरात सरकारने हा संपूर्ण जिल्हा नैसर्गिक शेतीचा म्हणून जाहीर केला आणि तेव्हापासून तेथील नागलीची कीर्ती शहरांतून वाढली. कीर्तीमागोमाग पाहुणे येतात, आणि पाहुण्यांमागोमाग योजना येते.

आता मूळ प्रश्न. घरी आलेल्याला जेवू घालून त्याचे पैसे घेतले म्हणजे पाहुणचार भ्रष्ट होतो काय? तैत्तिरीय उपनिषदाने अतिथीला माता, पिता व आचार्य यांच्या पंक्तीस बसवले. आईचे पान वाढून कोणी देयक पुढे करीत नाही, असे एखादा म्हणेल. हा आक्षेप दिसतो तितका बळकट नाही. खानदेशातून एकटे आलेल्या कामगारांना पोटभर जेवू घालणाऱ्या मराठी बायांच्या खाणावळी या सुरतेत वर्षानुवर्षे चालत आल्या आहेत. महिन्याचे पैसे घेणारी तीच बाई तापाने पडलेल्या पोराला पेज करून पाठवते, आणि त्या पेजेचा हिशेब वहीत लिहिला जात नाही. किंमत आणि माया एका चुलीवर शिजू शकतात. आपली भाषाही हेच सांगते. मराठीत पाहुणा म्हणजे घरी आलेला, तसाच नात्याचाही. कोकणीत सोयरो हा शब्द आप्त आणि अतिथी या दोघांनाही चालतो. नाते आणि पाहुणचार यांच्यात आपल्या पूर्वजांनी भिंत घातली नव्हती, आणि नात्यात देणेघेणे नसते असे कोणत्याही संसारी माणसाला म्हणता येणार नाही.

तेव्हा पैसा हे पाहुणचाराचे मरण नव्हे. मग यजमान आणि चाकर यांत फरक कोणता? आमच्या मते तो एकच आहे: यजमानाला 'आज नाही' असे म्हणता येते. घरी सुतक आहे, लावणी चालू आहे, विहिरीला पाणी नाही, किंवा केवळ आज मन नाही, म्हणून दार लावून घेण्याची ज्याला मुभा आहे, त्याने दार उघडले तरच त्या उघडण्याला पाहुणचार म्हणावे. ज्याला नकार देता येत नाही त्याच्या हसण्याला स्वागत म्हणणे ही आपली सोय आहे. या कसोटीवर घासून पाहिले म्हणजे कृषिपर्यटनाच्या बऱ्याच योजनांचे सोने आणि पितळ वेगळे होऊ लागते.

यावर एक व्यवहारी आक्षेप येईल. डोंगरातला शेतकरी गरीब आहे. त्याला पैसा हवा आहे. तो स्वतःहून हो म्हणतो. मग तुम्ही आम्ही नकाराची चिंता का वाहावी? वकिलीच्या व्यवसायात संमती या शब्दाशी आमचा रोजचा संबंध येतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याने संमती मुक्त असावी असे म्हटले आहे आणि एकाने दुसऱ्याच्या इच्छेवर ताबा मिळवून अनुचित प्रभाव पाडला असेल तर ती संमती मुक्त मानलेली नाही. नुसती गरिबी हा कायद्याच्या दृष्टीने असा प्रभाव नव्हे, आणि न्यायालयांना यापेक्षा पुढे जाणे कठीणही आहे. परंतु कायदा जेथे थांबतो तेथे नीतीनेही थांबावे असे नाही. ज्याच्या घरात भाद्रपदापर्यंतचे धान्य नाही त्याचा होकार खरा असतो, पण पुरता नसतो. त्याचा होकार पुरता व्हावा असे ज्याला मनापासून वाटत असेल त्याने आधी त्याच्या नकाराची सोय केली पाहिजे. म्हणजे पाहुणा न आला तरी त्याचे पोट चालेल असे पाहिले पाहिजे.

इटलीने १९८५ साली कायदा क्रमांक ७३० करून नेमके हेच तत्त्व धरले. शेतकऱ्याने पाहुणे ठेवावेत, परंतु ते काम शेतीला जोडून व पूरक असावे, शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे, असा त्याचा आशय होता. २००६ च्या नव्या कायद्याने शेती मुख्य आहे की नाही हे ठरवताना कामाच्या वेळेकडे विशेष लक्ष देण्यास सांगितले. यातले मर्म समजून घेण्याजोगे आहे. पैशाने मोजले तर एका आठवड्याचे पाहुणे वर्षाच्या नागलीला सहज हरवतील. वेळेने मोजले म्हणजे शेतकऱ्याचे दिवस कोणाच्या मालकीचे आहेत ते कळते. गोव्यात फोंडे महालातील मसाल्याच्या कुळागरांना भेट देणारे लोक सुपारी, मिरी व नारळ यांच्या सावलीत जेवतात आणि तृप्त होऊन परततात, त्याचेही कारण हेच की ते कुळागर अजून कुळागर आहे. सुपारी पाडणे बंद करून सुपारी पाडण्याचा देखावाच तेवढा उरला, तर ती सावलीही फार दिवस राहणार नाही.

आता डांगाचे पंचांग पाहू. कारण या विषयातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आराखड्याच्या नकाशात सापडत नाही, ती पंचांगात सापडते. पर्यटक येतो पावसाळ्यात. डोंगर हिरवा असतो, धबधबे कोसळत असतात, धुके उतरलेले असते. तेच दिवस नागलीच्या आणि भाताच्या लावणीचे. घरातील प्रत्येक हात चिखलात हवा असतो आणि कणगी मात्र तळाला गेलेली असते. ऊसतोडीच्या मुकादमाची उचलही बहुधा याच पावसाळी टंचाईत घेतली जाते. पुढे दिवाळी झाली, खळे उरकले, की ज्या घरांनी उचल घेतली ती घरे कुलूप लावून बारडोली व आसपासच्या उसाच्या पट्ट्यात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत कोयता चालवतात. ओलंदेज समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेतील या ऊसतोड मजुरांच्या जीवनाचा अनेक दशके अभ्यास केला. त्यांच्या लेखनाने हे चित्र जगापुढे गेले. थोडक्यात, सुरतेचा माणूस डांगात जातो तेव्हा डांगी माणसाला सवड नसते, आणि डांगी माणसाला सवड असते तेव्हा तो सुरत जिल्ह्यातल्या उसात पालाच्या झोपडीत राहत असतो. एकाच रस्त्यावरून दोन प्रवास होतात, आणि एकमेकांस ओळख मात्र पटत नाही.

ही गोष्ट मान्य केली की नियोजनाचा अर्थच पालटतो. आजवर पाहुण्याच्या सोयीने शेताचे वेळापत्रक वाकवण्याचा विचार होतो. खरे नियोजन शेताच्या सोयीने पाहुण्याचे वेळापत्रक वाकवण्याचे असले पाहिजे. मार्गशीर्ष-पौषात डांगात थंडी पडते, आकाश स्वच्छ असते. फाल्गुनात मोहाची फुले गळू लागतात, होळीच्या आधी आहव्याला दरबार भरतो. त्या दिवसांत गावातील काही कुटुंबांना पाहुण्यांपासून इतके उत्पन्न झाले की त्यांना कोयत्याची उचल घ्यावी लागली नाही, तर त्या घरची मुले शाळेत राहतील, म्हातारी माणसे एकटी पडणार नाहीत, आणि बांधबंदिस्तीची कामे मार्गी लागतील. पर्यटनाने डोंगराचे भले झाले की नाही याचे माप किती खोल्या बांधल्या हे नसावे. किती घरांना कुलूप लागले नाही, हे असावे. आणि आषाढात यजमानाने निःसंकोच सांगावे, की आमची लावणी आहे, आपण आश्विनानंतर यावे.

पाण्याचा हिशेबही असाच पंचांगाने करावा लागतो. पावसाळ्यात धो-धो वाहणारा हा मुलूख वैशाखात घोटभर पाण्यासाठी खोल दरीत उतरतो. म्हणून गावाने किती पाहुणे घ्यावेत हे बिछान्यांवरून ठरवू नये, उन्हाळ्यातील विहिरीवरून ठरवावे. ज्या बाईला हंडा डोक्यावरून आणावा लागतो तिला, पाहुण्यांच्या स्नानाला किती बादल्या द्याव्यात, हे विचारल्याखेरीज केलेला आराखडा आराखडाच नव्हे. बहुधा तिलाच कोणी विचारत नाही.

पूर्वानुभव आपणांस काय सांगतो? थंड हवेची आपली जुनी गावे बहुतेक सपाटीवरच्या माणसासाठी वसली. १८२८ च्या सुमारास माल्कमने महाबळेश्वर वसवले, १८५० साली मॅलेटला माथेरान 'सापडले'. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांना ते कधी हरवलेच नव्हते. पुढे आपले राज्य आले तरी दृष्टी फारशी बदलली नाही. सापुतारा उभारताना तेथील मूळ वस्ती हलवून शेजारच्या नवागामात नेण्यात आली. मुळशीच्या डोंगरात लवासाचे नगर १९९६ च्या गिरिस्थान नियमांच्या आधारे उभे राहू लागले. २०१० साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली. डोंगर फोडून झाला होता. याउलट पाचगणीजवळच्या भिलारात २०१७ च्या मे महिन्यात पुस्तकांचे गाव सुरू झाले. पुस्तके ठेवली ती गावकऱ्यांच्या घरांत. वाचक ओसरीवर बसून वाचतो आणि बाहेर स्ट्रॉबेरीचे वाफे आपले काम करीत असतात. अकोले तालुक्यातील पुरुषवाडीत कुटुंबे पाळीने पाहुणे ठेवतात, म्हणून एकाची माडी चढली व शेजारी उपाशी राहिला असे होण्यास आळा बसतो. तेथील काजवे पावसाच्या तोंडाशी पाहण्यासारखे. परंतु काजव्यांचा प्रकाश हे नर-मादीचे संकेत असतात आणि गाड्यांच्या दिव्यांनी ते बुजतात. पाहणाऱ्यांची गर्दीच पाहण्याचे कारण कसे नाहीसे करते, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

जमिनीविषयी दोन शब्द आमच्या व्यवसायाच्या अनुभवाने लिहावेसे वाटतात. संपूर्ण डांग जिल्हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला विशेष स्थान आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याचा आणि गावाचा वनावरील हक्क मानला आहे. गुजरातेत जमीन महसूल अधिनियमाचे कलम ७३ एए आणि महाराष्ट्रात महसूल संहितेचे कलम ३६ अ यांमुळे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही. असे असूनही, किंबहुना असे आहे म्हणूनच, वकिलांकडे चमत्कारिक मसुदे येतात. जमीन त्याच्या नावे, पैसा आपला. करार नव्याण्णव वर्षांचा, नाव 'सहकार्याचे'. अशा कागदांची कायद्याने काय वाट लागते ते आम्ही येणाऱ्यास सांगतो. मात्र त्याला आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १८४२ च्या सुमारास डांगाच्या भिल्ल राजांनी आपल्या सागवानी वनांचे पट्टे इंग्रजांस लिहून दिले. पट्टाच होता, विक्री नव्हती. त्या व्यवहारातून काळाच्या ओघात वन कोणाचे झाले ते सर्वांस ठाऊक आहे. राजांच्या वारसांना आहव्याच्या दरबारात दरवर्षी मिळणारे सालियाना तेवढे उरले. डोंगर एकदा भाडेपट्ट्यानेच गेला होता. दुसऱ्यांदा तो जावयाचा असेल तर त्या पट्ट्यावर पर्यटन असे लिहिलेले असेल.

राहिला प्रश्न पाहिले जाण्याचा. शेत दाखवणे आणि स्वतः देखावा होणे यांत सूक्ष्म अंतर आहे. पावरी वाजते, ढोल घुमतो, भवाड्यात मुखवटे चढतात, ते त्या त्या तिथीला आणि त्या त्या देवासाठी. शनिवारी रात्री मंडळी आली म्हणून भवाडा शनिवारी आणला, तर पाहुण्याला नाच दिसेल, भवाडा दिसणार नाही; आणि काही वर्षांनी नाचणाऱ्यालाही तो दिसेनासा होईल. आमची साधी कसोटी अशी: पाहुणा नसता तर हे आज झाले असते काय? झाले असते, तर त्याने खुशाल बाजूला बसून पाहावे, बोलावले तर सामील व्हावे. झाले नसते, तर ते नाटक आहे. नाटक वाईट नसते. परंतु ते नाटक म्हणून, कलावंतांच्या संमतीने व कलावंतांच्या मोबदल्याने व्हावे. प्रत्येक योजनेत काय दाखवावे याची यादी असते. काय दाखवावयाचे नाही, याची यादी गावाने करावी आणि ती कोणीही खोडू नये.

येथवर यजमानाविषयी लिहिले. पण पाहुण्याचेही काही ऋण असते, आणि पांडेसऱ्याच्या पाहुण्याचे थोडे अधिकच. तो दुसऱ्याचे गाव पाहावयास जातो, पण त्याला स्वतःचे गाव सुटल्याचे दुःख माहीत आहे. सुरतेत प्रथम उतरला तेव्हा कोण्या गाववाल्याने त्याला खोलीवर नेले, पाळीवर गेलेल्याच्या रिकाम्या अंथरुणावर निजवले, पहिला पगार होईपर्यंत ताटातले वाढले. पाहुणचार म्हणजे काय हे त्याला ग्रंथातून शिकावयाचे नाही. तेव्हा त्याने विचारूनच जावे. सांगितलेली किंमत पुरी द्यावी. ज्या नागलीचे कौतुक केले ती घासाघीस न करता घरी न्यावी. छायाचित्र घेण्यापूर्वी हात जोडून परवानगी मागावी, आणि ती मिळाली नाही तर राग मानू नये. त्या रागाच्या ठिकाणी किंचित समाधान मानता आले तर उत्तमच, कारण ज्या घराने त्याला नाही म्हटले ते घर अजून स्वतःचे आहे.

नियोजन या शब्दाचा आपल्याकडे फार बोलबाला झाला. आकडे, नकाशे, अंदाजपत्रके ही सर्व आवश्यक आहेत आणि त्यांची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. पण डोंगरातल्या पाहुणचाराचे नियोजन ज्यांना करावयाचे आहे त्यांनी पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: शेती यजमानाची राहील, विहीर गावाची राहील, आणि दाराची कडी आतल्या बाजूस राहील. पहिल्या दोहोंसाठी कायदे आहेत, निदान त्यांचा आधार आहे. तिसरीसाठी कायदा नाही, होणेही अवघड आहे. ती राखणे सर्वस्वी पाहुण्याच्या हाती आहे. बाहेर उभ्या असलेल्या माणसाने कडी वाजवून थांबावयाचे असते.